छोट्या गाडीचे घसरलेले अ‍ॅव्हरेज : नौपाड्यातील एका नॅनोचे प्रकरण

जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिका एक जुनी रोजकीर्द वही घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्याकडे २०१६ साली घेतलेली टाटा नॅनो आहे, चार गिअरची, साधी. ‘सर, आमची गाडी पूर्वी साडेअठराचे अ‍ॅव्हरेज द्यायची, आता साडेतेराही देत नाही. मुलगा म्हणतो, मोडीत काढा आणि मोठी गाडी घ्या. तुम्ही एकदा बघून सांगा,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाईल शिकवून निवृत्त झालो आहे, त्यामुळे अशी प्रकरणे माझ्या दारी येत असतात. मात्र तक्रारीबरोबर लेखी नोंदी घेऊन येणारा गाडीमालक क्वचितच भेटतो, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे तेच कारण आहे.

वही बाईंच्या यजमानांची. ते बँकेतून निवृत्त झालेले असल्याने तारीख, किलोमीटर, लिटर आणि शेरा असे चार रकाने आखून त्यांनी गाडी घेतल्या दिवसापासून प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद ठेवली होती. शेऱ्याच्या रकान्यात ‘हवा भरली’, ‘टिटवाळा, संकष्टी’, ‘वायपर बदलला’ अशी बारीक अक्षरातली टिपणे. २०१७ ते २०१९ या तीन वर्षांची सरासरी मी स्वतः काढून पाहिली. ती लिटरला १८.६ किलोमीटर आली. एप्रिल ते जून २०२५ या तीन महिन्यांची सरासरी १३.४ होती. म्हणजे घसरण खरी होती, निदान कागदावर तरी. कंपनीने या गाडीसाठी जाहीर केलेला प्रमाणित आकडा २३.६ चा आहे; परंतु तो प्रयोगशाळेतील ठरावीक चक्रावर मोजलेला असतो, त्यामुळे ठाण्याच्या रस्त्यावर १८.६ मिळत होते ही तक्रारीची नव्हे, चांगली गोष्ट होती.

गाडीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात जी नॅनो लाख रुपयांची गाडी म्हणून लोकांसमोर आली, तिचीच ही २०१५ नंतरची सुधारित आवृत्ती. दोन सिलिंडरचे ६२४ सीसी इंजिन मागच्या बाजूला, ताकद ३८ पीएस (अश्वशक्ती), चाके १२ इंची, लांबी ३.१६ मीटर आणि वळण्याची त्रिज्या अवघी ४ मीटर. राम मारुती रोडवरून आमच्या गल्लीत शिरताना इतर गाड्यांना एकदा मागे घ्यावे लागते, तेथे ही एका दमात वळते. पेट्रोलचे झाकण मात्र पुढच्या बॉनेटखाली आहे, आणि त्यामुळे पंपावर नवा मुलगा असला की तो गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून ‘ताई, टाकी कुठंय?’ असे विचारतोच. हे गमतीचे वाटले तरी मोजणीच्या दृष्टीने त्याला महत्त्व आहे, ते पुढे येईल.

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापली निदाने आधीच करून ठेवली होती. कोणाच्या मते इंजिन संपले, कोणाच्या मते पंपवाले मापात मारतात, आणि बहुतेकांच्या मते सगळा दोष पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा. बाईंचा मेकॅनिक क्लच बदलायला सांगत होता. मी प्रथम क्लच तपासला. तो घसरत नव्हता. प्लग, एअर फिल्टर आणि ब्रेक पाहिले. फिल्टर मळलेला होता, तो बदलला. ब्रेक कोठेही धरून राहत नव्हते. जॅकवर उचलून चारही चाके हाताने फिरवली, ती मोकळी फिरली. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजला, तोही ठीक होता. इंजिन संपलेले नव्हते. मग दोष कोठे आहे, हे शोधण्याआधी मोजमापच तपासावे असे मी ठरविले.

‘टाकी फुल ते टाकी फुल’ ही पद्धत सर्वांना माहीत असते, परंतु ती नीट पाळणारे थोडे. नॉझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे, हा तिचा पाया आहे. प्रत्यक्षात पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का?’ असे विचारतो आणि आपणही मान हलवतो. बॉनेटखालच्या तोंडामुळे या गाडीत नॉझल जरा वाकडे धरले गेले तर ते लवकरही बंद होते. अशा रीतीने एका वेळी अर्धा ते एक लिटर इकडेतिकडे सहज होते, आणि १८ लिटर भरताना एक लिटरची चूक म्हणजे साडेपाच टक्क्यांची चूक. म्हणून एकाच पंपावर, एकाच मशीनवर, सलग चार वेळा भरलेल्या पेट्रोलची सरासरी घ्यायची आणि एका वेळच्या आकड्यावर काहीच बोलायचे नाही, असे ठरले. पंपवाल्यांवरचा आरोपही येथेच निकालात निघाला, कारण पाच लिटरच्या मापात पेट्रोल मोजून दाखवा असे सांगण्याचा हक्क ग्राहकाला असतो. तो बाईंनी बजावला आणि माप बरोबर निघाले.

लिटर बरोबर निघाले, पण किलोमीटरचे काय, हा प्रश्न मला आधी सुचला नाही हे कबूल केले पाहिजे. तो सुचला टायर पाहताना. नॅनोचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतात : पुढे १३५/७० आर १२ आणि मागे १५५/६५ आर १२ (पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, दुसरा रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या कडेच्या उंचीचा, शेवटचा रिमच्या इंचांचा). इंजिन मागे असल्याने वजन मागच्या चाकांवर अधिक येते, म्हणून ही रचना आहे. बाईंच्या गाडीचे मागचे दोन टायर २०२४ मध्ये बदललेले होते, आणि त्यांच्या कडेवर १४५/८० आर १२ असे लिहिलेले होते. विचारता कळले की दुकानदाराने ‘काकू, या मापाचा माल आता येत नाही, हा बसतोय बघा’ असे म्हणून दुसऱ्याच एका छोट्या गाडीचे टायर चढवले होते. ते बसत होते हे खरे. परंतु मूळ टायरचा व्यास सुमारे ५०६ मिलिमीटर आणि या टायरचा सुमारे ५३७ मिलिमीटर. रिम तीच राहिली तरी चाक सहा टक्क्यांनी मोठे झाले होते.

मोठे चाक एका फेरीत अधिक अंतर कापते. किलोमीटर मोजणारा सेन्सर मात्र फेऱ्याच मोजतो, आणि या गाडीत इंजिन मागची चाके फिरवत असल्याने त्या फेऱ्या नेमक्या बदललेल्या टायरांच्याच होत्या. खात्री करण्यासाठी आम्ही एका रविवारी सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडी नेली. मोबाईलवरील जीपीएसने बरोबर १० किलोमीटर दाखविले तेव्हा गाडीच्या मीटरवर ९.४ होते. दोनदा जाऊन-येऊन तोच फरक. म्हणजे वर्षभर गाडी चालत होती जास्त आणि लिहीत होती कमी. वहीतील १३.४ हा आकडा प्रत्यक्षात १४.२ होता. यजमान वही चाळत म्हणाले, ‘टायर बदलले ते मी शेऱ्यात लिहिले आहे, पण माप लिहिले नाही.’ ही चूक त्यांना फार लागली.

उरलेल्या फरकात इंधनाचा वाटा किती, हे हिशेबानेच काढावे लागते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०१८-१९ च्या सुमारास देशात मिश्रणाचे सरासरी प्रमाण जेमतेम पाच टक्के होते. २०२५ मध्ये पंपांवर वीस टक्क्यांचे, म्हणजे ई-२०, पेट्रोल मिळू लागले. पंधरा टक्के जादा इथेनॉलमुळे ऊर्जा सुमारे पाच टक्क्यांनी कमी होते. १४.२ वर हे सात दशांश किलोमीटर झाले. ही गाडी ई-२० साठी बनवलेली नाही, म्हणून तिच्या इंधनवाहक रबरी नळ्या मी बोटाने दाबून, वाकवून पाहिल्या. एक कडक झालेली होती, ती बदलून घेतली. नळीची काळजी घ्यावी हे खरे, पण पाच किलोमीटरची घसरण इथेनॉलच्या माथी मारणे हिशेबात बसत नाही.

हवेचा मुद्दा लहान आहे. गाडीवरील स्टिकरप्रमाणे पुढे व मागे वेगळा दाब हवा, आणि हवावाला चारही चाकांत एकच दाब भरत असे. शिवाय मागचे टायर भलत्या मापाचे असल्याने स्टिकरही त्यांना नीट लागू नव्हते. याचा वाटा मी चार दशांशाच्या आसपास धरला. तो अंदाज आहे.

एवढे करूनही आकडा १५.३ पर्यंतच आला. १८.६ पर्यंतचे सव्वातीन किलोमीटर अजून बेपत्ता होते, आणि या प्रकरणातील खरा भाग तोच होता.

वही पुन्हा उघडली, या वेळी आकड्यांसाठी नव्हे तर शेऱ्यांसाठी. २०१७ ते २०१९ मध्ये गाडी चालवत होते यजमान. शेऱ्यांत दिसत होते ते टिटवाळा, बदलापूरला बहिणीकडे, रविवारी पहाटे उपवन. बाई त्या काळात नवी मुंबईतील घणसोलीच्या शाळेत ट्रान्स-हार्बर लोकलने जात असत. गाडी घरची होती, पण रोजची नव्हती. ती निघे तेव्हा रस्ता मोकळा असे आणि काचा खाली असत. २०२३ मध्ये बाईंच्या गुडघ्यांनी ठाणे स्थानकातील नऊ-दहा नंबर फलाटाचे जिने नाकारले, त्याच सुमारास यजमानांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गाडी चालवणे सोडले, आणि तेव्हापासून गाडी रोज घणसोलीला जाऊ लागली. नॅनोचे आसन उंच आणि दार उंच आहे, आत बसताना गुडघा फारसा वाकवावा लागत नाही, म्हणून बाईंनी तिलाच पसंती दिली. वही तीच राहिली, गाडी तीच राहिली, पण मोजले जात होते ते दुसरेच काहीतरी.

नौपाड्याहून घणसोलीला जायला दोन मार्ग आहेत. एक कळव्याच्या पुलावरून विटाव्यामार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याला लागतो. तो सुमारे साडेबारा किलोमीटर पडतो. दुसरा कोपरीवरून पूर्व द्रुतगती महामार्गाने मुलुंडला जाऊन ऐरोलीच्या पुलावरून येतो; तो १४ च्या जवळ जातो. दुसऱ्या मार्गावर पूर्वी टोल होता, म्हणून बाई विटाव्यानेच जात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला आणि त्यांनी ऐरोलीचा मार्ग धरला, कारण विटाव्याच्या रेल्वेपुलाखालची कोंडी त्यांना नकोशी झाली होती. हाच विचार एकट्या बाईंनी केला असेल असे नाही.

मी तीन संध्याकाळी त्यांच्याबरोबर घड्याळ घेऊन बसलो. शाळा सुटल्यावर पावणेसहाला निघून घरी पोहोचायला ५५ ते ६० मिनिटे लागत, आणि त्यांपैकी सरासरी २३ मिनिटे चाक फिरतच नसे. जुलै महिना, पाऊस, काचा बंद, एसी चालू. अशा लहान इंजिनाला नुसते चालू राहण्यासाठी तासाला अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल लागते आणि एसी चालू असेल तर त्याहून बरेच अधिक. ८०० मिलिलिटर धरले तरी या २३ मिनिटांत ३०० मिलिलिटर पेट्रोल जागच्या जागी जळत होते. घरी परतण्याच्या एका फेरीला लागणारे एकूण पेट्रोल एक लिटरहून थोडेच जास्त होते.

येथे छोट्या गाडीची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ती लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. माणसासह आठशे किलोच्या आसपास भरणारी गाडी सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरने रेटायला जेमतेम अर्धा किलोवॅट शक्ती लागते. एसीचा कॉम्प्रेसर त्याच वेळी दीड-दोन किलोवॅट मागतो. म्हणजे कोपरीच्या रांगेत सरकत असताना ही गाडी माणसाला घरी नेण्यापेक्षा हवा थंड करण्याचेच काम तिप्पट-चौपट करीत असते. मोकळ्या रस्त्यावर हलकेपणाचा जो फायदा मिळतो, म्हणजे वेग घ्यायला आणि पुन्हा घ्यायला कमी ऊर्जा, तो उभ्या गाडीत शून्य असतो, कारण न हलणाऱ्या वस्तूचे वजन कितीही असले तरी इंधनाला त्याचे सोयरसुतक नसते. मोठ्या गाडीत एसीचा खर्च एकूण खर्चात लपून जातो. छोटीत तो उघडा पडतो. काटकसरी गाडीचे अ‍ॅव्हरेज कोंडीत जास्त टक्क्यांनी पडल्यासारखे दिसते ते यामुळेच, आणि त्यावरून गाडी बिघडली असा निष्कर्ष काढणे चूक आहे. मोठी गाडी त्याच रांगेत याहून जास्तच पेट्रोल जाळत असते, फक्त तिच्याकडून कोणी अठराची अपेक्षा केलेली नसते.

बाईंना एसी बंद करा असे सांगण्यात अर्थ नव्हता. दमट हवेत तासभर काचा बंद ठेवून बसणे अशक्य आहे, आणि उघडल्या तर शेजारच्या डंपरचा धूर आत येतो. म्हणून आम्ही मार्ग पुन्हा मोजले. विटाव्यामार्गे परतताना उभे राहण्याची वेळ सरासरी १४ मिनिटे भरली आणि अंतरही दीड किलोमीटरने कमी. त्यांना नकोशी झालेली कोंडी खरी होती, पण ती एकाच जागी साचलेली होती; ऐरोलीच्या मार्गावर ती पसरलेली असल्याने जाणवत कमी होती. मोठा पाऊस झाला की विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचते, आणि १२ इंची चाकांच्या गाडीने त्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये. त्या दिवशी ऐरोली, एरवी विटावा, असा नियम ठरला.

पुढील नोंदी बाईंच्या हस्ताक्षरात आहेत. मार्ग बदलून, फिल्टर आणि हवा नीट करून ऑगस्ट-सप्टेंबरच्या चार टाक्यांची सरासरी १४.६ आली. ऑक्टोबरमध्ये योग्य मापाचे मागचे टायर शोधायला तीन दुकाने फिरावी लागली. शेवटी एका दुकानदाराने मागवून दिले आणि दहा दिवसांनी ते आले. टायर बसल्यावर आकडा १५.६ वर गेला. यात गाडीची प्रगती फारशी नाही, मीटर खरे बोलू लागले एवढेच. डिसेंबरात सकाळी एसी न लावता आणि संध्याकाळी क्वचितच लावून तो १७.१ झाला. लिटरला तेव्हाच्या १०३ ते १०४ रुपयांच्या भावाने महिन्याच्या सुमारे ६७० किलोमीटरला मे-जूनमध्ये जेथे ५,२०० रुपये जात होते, तेथे डिसेंबरात ४,१०० च्या आत भागले. यांतील काही रुपये निव्वळ थंडीचे आहेत, ते उन्हाळ्यात परत जातील, हे मी बाईंना सांगून ठेवले आहे.

मुलाचे म्हणणे मात्र अ‍ॅव्हरेजपुरते नव्हते, आणि त्याच्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नॅनोत एअरबॅग नाहीत. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये नॅनोच्या टक्कर चाचणीचा निकाल जाहीर केला, तेव्हा तिला सुरक्षिततेचा एकही तारा मिळाला नव्हता. हे मी लपवले नाही. शहरात ताशी ३०-४० च्या वेगाने फिरणाऱ्या गाडीचा धोका वेगळा आणि नाशिक महामार्गावर ट्रकांच्या मधून ८० ने जाणाऱ्या गाडीचा वेगळा. पण ठाणे-बेलापूर रस्त्यावरही कंटेनर धावतात. शेवटी एवढे ठरले की महामार्गावर ही गाडी न्यायची नाही, मागे नातवंडांना बसवायचे नाही, आणि नाशिकला जायचे तर मुलाची गाडी किंवा एसटी. मुलाला हे अर्धेच पटले.

दुसरी गाडी घ्यायची तर कोणती, हा विचार त्याने जागेपासून सुरू केला, आणि तेथे तो अडला. आमची इमारत जुनी आहे. बाईंच्या वाट्याला आलेली जागा खांब आणि पंपरूमची भिंत यांच्यामध्ये आहे. त्याने स्वतः टेप लावून मोजली : ३ मीटर ६० सेंटीमीटर. त्याच्या मनातली चार मीटरची गाडी तेथे जन्मात बसणार नव्हती. अल्टो के-टेन ३.५३ मीटरची आहे. ती बसली असती, पण पुढे-मागे मिळून सात सेंटीमीटर उरतात आणि डिकी उघडायची तर गाडी बाहेर काढावी लागते. सीएनजीच्या अल्टोचा किलोला ३३.८५ किलोमीटरचा प्रमाणित आकडा त्याला आवडला होता, परंतु त्यात डिकीची जागा सिलिंडर घेतो आणि पंपावरच्या रांगेत आईने उभे राहायचे का, हा प्रश्न त्यालाच पडला.

जागेत आरामात मावेल अशी नवी गाडी एकच सापडली, विजेवर चालणारी एमजी कॉमेट. लांबी २.९७ मीटर, बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, एका चार्जमध्ये प्रमाणित पल्ला २३० किलोमीटर. बाईंचा दिवसाचा प्रवास पंचवीस-सव्वीस किलोमीटरचा. प्रत्यक्ष पल्ला बराच कमी धरला तरी आठवड्यातून दोनदा चार्ज करून भागेल, आणि उभ्या गाडीत जळणाऱ्या पेट्रोलचा प्रश्नच राहत नाही. एअरबॅगही आहेत. तांत्रिकदृष्ट्या या कुटुंबाला हीच गाडी योग्य आहे असे माझे मत मी त्यांना दिले. अडचण वीजजोडणीची आहे. बाईंचा मीटर जिन्याखाली आहे, तेथून खांबापर्यंत वायर न्यायची तर ती पंपरूमच्या ओल्या भिंतीवरून जाते, आणि त्याला सोसायटीची परवानगी लागते. डिसेंबरच्या सभेत विषय निघाला. दोघांनी आगीची भीती घातली, एकाने ‘मग मलाही पाहिजे’ म्हटले, आणि विषय पुढील सभेवर गेला. नॅनोची नोंदणी २०३१ पर्यंत आहे. तोपर्यंत वही चालू आहे, आणि टायरांच्या नोंदीपुढे यजमानांनी लाल शाईने माप लिहिले आहे.